विश्लेषण : घरात रिंग टांगताय? आधी छताला विचारा!

परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू... कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. धावून पाय तयार होतात, खांदे आणि दंड मात्र मागे राहतात. जवळ जिम नसते, असली तर दर महिन्याची फी परवडत नाही. अशा वेळी मोबाइलवर लाकडी रिंगांचे व्हिडिओ दिसू लागतात. दोन कड्या, दोन पट्टे आणि स्वतःच्या शरीराचे वजन, एवढ्यावर घरातच व्यायामशाळा! रिंगांचा जोड ऑनलाइन मागवला की चार-पाच दिवसांत दारात येतो. तो ज्याला टांगायचा, ते छत मात्र आहे तेच असते. माळवद, पत्रा आणि स्लॅब या तिन्ही प्रकारच्या छतांचे गणित वेगळे आहे. ते न समजता रिंग टांगली, तर व्यायाम राहील बाजूला आणि दवाखाना गाठावा लागेल.

रिंग म्हणजे नेमके काय?

जिम्नॅस्टिक्समध्ये पुरुषांच्या स्पर्धेत रिंग हे एक स्वतंत्र साधन आहे. १८९६ मध्ये अथेन्सला झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्येही हा प्रकार होता. स्पर्धेतील रिंगचा आतील व्यास १८ सेंटिमीटर आणि जाडी २८ मिलिमीटर असते. दोन रिंगांमधील अंतर ५० सेंटिमीटर, म्हणजे साधारण खांद्याएवढे असते. घरगुती रिंगा याच मापाच्या किंवा थोड्या जाड, ३२ मिलिमीटरच्या मिळतात. फरक टांगणीत आहे. स्पर्धेत रिंगा उंच चौकटीला तारेने टांगलेल्या असतात. घरगुती रिंगांना बकल असलेले लांब पट्टे असतात, त्यामुळे उंची हवी तशी कमी-जास्त करता येते.

टांगून घेतलेला व्यायाम महाराष्ट्राला नवा नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने रुजवला. पुढे पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे त्याचे प्रकार रूढ झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. मल्लखांबात पहिला धडा असतो तो खांब नीट पुरण्याचा, दोर नीट बांधण्याचा. रिंगच्या बाबतीतही पहिला धडा तोच आहे.

बार असताना रिंग कशाला?

बार जागचा हलत नाही, रिंग हलते. या एका फरकामुळे सगळा व्यायाम बदलतो. जमिनीवर वीस जोर सहज मारणाऱ्याचे हात रिंगवर पाच जोरांतच थरथरू लागतात. शरीर वर नेण्याबरोबरच रिंग स्थिर ठेवण्याचे कामही खांद्याभोवतीच्या लहान स्नायूंना करावे लागते. दुसरा फायदा मनगट आणि कोपराचा. बारवर पंजा एकाच दिशेला अडकून राहतो. रिंग शरीराबरोबर फिरते, त्यामुळे सांध्यांना सोयीची दिशा मिळते. तिसरा फायदा म्हणजे एकाच साधनावर ओढण्याचे, ढकलण्याचे आणि पोटाचे व्यायाम होतात. पट्टा वर-खाली केला की झाले.

भरतीच्या तयारीला याचा उपयोग होतो का?

होतो. अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावण्याबरोबर बीमवरचे पुल-अप्स असतात. दहा पुल-अप्सना पूर्ण ४० गुण मिळतात आणि किमान सहा तरी काढावे लागतात. राज्य पोलीस शिपाई भरतीत पुल-अप्स नाहीत. तिथे मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण गोळाफेकीचे आहेत. गोळा फेकताना ताकद पायांतून आणि कमरेतून निघते आणि खांद्यातून बाहेर पडते. खांदा कमकुवत असेल तर खालून आलेला जोर तिथेच जिरतो. मात्र परीक्षा बीमवर असेल, तर शेवटचे काही आठवडे सराव बीमवरच करावा. रिंगवर हात फिरवण्याची सवय लागलेली असते, बीमवर ती मोकळीक मिळत नाही.

छतावर नेमका किती भार पडतो?

‘माझे वजन सत्तर किलो, म्हणजे भारही सत्तरच,’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. सत्तर किलोचा माणूस शांतपणे लटकला तर भार सत्तर किलोचा असतो. तोच झटका देऊन वर गेला आणि धपकन खाली आला, तर भार सहज दुप्पट होतो. झोका घेतला तर आणखी वाढतो. पट्टा आडवा होईल इतक्या उंचीवरून झोका खाली आला, तर तळाशी पट्ट्यावर वजनाच्या तिप्पट ताण येतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचा भार २१० किलो होतो. म्हणून टांगण्याची जागा वजनाच्या किमान चौपट भार पेलणारी असावी. सत्तर किलोसाठी हा आकडा जवळपास २८० किलो येतो. दुसरे असे, की हा भार रोज, पुन्हा पुन्हा आणि हलता पडतो. आज टिकलेला खिळा सहा महिन्यांनी सैल होतो, तो यामुळेच.

माळवदाच्या घरात रिंग टांगावी का?

स्पष्ट उत्तर : नाही. जुन्या माळवदाच्या घरात जाडजूड सागवानी तुळई पाहून मोह होतो. पण ती तुळई आधीच मोठा भार पेलत असते. फूटभर जाडीच्या मातीच्या थराचे वजन एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. पावसाळ्यात माती पाणी धरते, तेव्हा ते आणखी वाढते. तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते, तिथेच ओल आणि वाळवी आधी लागते. ते बाहेरून दिसत नाही. वरून रंग दिलेली तुळई आतून पोकळ असू शकते.

जड छत आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती किती घात करतात, हे मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात पाहिले आहे. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले होते. अशा घराच्या छताला रोजचा हलता भार देण्यापेक्षा रिंग अंगणात न्यावी.

पत्र्याच्या घरात काय करावे?

पत्र्याखालचे लोखंडी पाइप किंवा अँगल पत्रा आणि वारा एवढ्याच हिशेबाने टाकलेले असतात. अनेक घरांत ते भिंतीवर नुसते टेकवलेले असतात आणि पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले असतात. अशा पाइपला मधोमध रिंग टांगली तर तो वाकतो, भिंतीवरचे त्याचे टोक सरकते आणि वरचा दगड खाली येऊ शकतो. त्यामुळे या पाइपलाही रिंग टांगू नये.

शेड मोठे असेल आणि त्याला खाली बोल्ट मारलेले लोखंडी खांब व कैच्या असतील, तर गोष्ट वेगळी. अशा ठिकाणी ज्या फॅब्रिकेटरने शेड उभारले त्याला बोलावून भार सांगावा आणि खांबाजवळचीच जागा ठरवावी. पाइप जितका मधोमध, तितका तो जास्त वाकतो. उन्हाळ्याचा विचारही इथे हवा. परभणीचा पारा मे महिन्यात ४४ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखाली दुपारी व्यायाम करणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. पहाट किंवा दिवेलागणीनंतरची वेळच योग्य.

स्लॅबच्या घरात पंख्याचा हुक चालेल का?

चालणार नाही. पंखा काही किलोंचा असतो. त्याचा हुक कोणत्या जाडीच्या सळईचा आहे आणि आत कशाला अडकवला आहे, हे प्लास्टरमुळे दिसत नाही. शिवाय पंख्याच्या जागी विजेच्या वायरी असतात.

झोपाळ्याच्या कड्या असतील तर मात्र चांगली सुरुवात आहे. बांधकामाच्या वेळीच स्लॅबच्या किंवा बीमच्या मुख्य सळयांत अडकवून सोडलेल्या कड्या दोन-तीन माणसांचा झोका पेलतात. त्या गंजलेल्या नाहीत ना, मुळाशी घासून बारीक झालेल्या नाहीत ना आणि भोवती तडा नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

कड्या नसतील तर स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारण्याचा पर्याय राहतो. हे काम ड्रिल मशीन हाती आले म्हणून करण्याचे नाही. बोल्टची पकड काँक्रीटमध्ये लागते, प्लास्टरमध्ये नाही. ड्रिल सळईला लागू नये, बोल्ट कडेला फार जवळ येऊ नये आणि काँक्रीट ठणठणीत असावे. स्लॅबवर तांबूस डाग पडले असतील, पोपडे सुटले असतील किंवा सळई उघडी पडली असेल, तर त्या छताला काहीही टांगू नये. जमल्यास स्लॅबऐवजी बीम निवडावा आणि बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याला एकदा दाखवून घ्यावे.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग आहे. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी गवंड्याला सांगून बीमच्या मुख्य सळयांवरून वळवलेले १२ मिलिमीटर सळईचे दोन हुक ५० सेंटिमीटर अंतरावर सोडून घ्यावेत. सळईच्या दोन तुकड्यांचा हा खर्च पुढे वीस वर्षे उपयोगी पडतो. रिंग नको वाटली तर झोपाळा आहेच!

लिंबाच्या झाडाला टांगली तर?

पंचमीला माहेरी आलेल्या लेकींसाठी झोका बांधताना कोणती फांदी धरावी, हे गावातल्या जुन्या माणसांना पक्के ठाऊक असते. रिंगसाठी तेच ज्ञान कामाला येते. लिंब, चिंच, वड यांची जिवंत, खोडाजवळची, मांडीएवढी जाड आणि शक्यतो आडवी फांदी चालते. शेवगा आणि गुलमोहर टाळावेत, त्यांची फांदी कडकन मोडते. फांदीवर पाने नसतील, साल सुटली असेल, खोडाच्या सांध्यात ढोली किंवा चीर असेल, तर ती फांदी सोडून द्यावी. वर मोहोळ नाही ना, हेही पाहावे.

पट्ट्याखाली बारदानाचा जाड थर घालावा. त्याने साल सोलली जात नाही आणि पट्टाही घासत नाही. वादळी पावसानंतर फांदी पुन्हा तपासल्याशिवाय लटकू नये.

अंगणात स्वतंत्र चौकट उभारायची तर?

माळवद आणि पत्र्याच्या घरांसाठी हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. दोन उभे पाइप आणि वर एक आडवा, अशी गोलपोस्टसारखी चौकट कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात होते. दोन इंची, मध्यम जाडीचा, म्हणजे निळ्या पट्ट्याचा जीआय पाइप घ्यावा. पिवळ्या पट्ट्याचा पाइप हलका असतो, तो टाळावा. उभे पाइप बारा फुटांचे, त्यातले साडेतीन फूट जमिनीत आणि साडेआठ फूट वर. आडवा पाइप पाच फुटांचा. वीस फुटी दोन पाइपांत हे सगळे बसते. उरलेल्या तुकड्यांतून वरच्या कोपऱ्यांना तिरपे आधार देता येतात.

खरी अडचण जमिनीत आहे. परभणी जिल्ह्यातील काळी माती कापसाला चांगली, खांबाला वाईट. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. नुसता खड्डा करून ठोकलेला पाइप दोन पावसाळ्यांत कलतो. म्हणून खड्डा दीड फूट रुंद आणि मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा. तळाशी मुरूम ठोकून मग काँक्रीट भरावे. जमिनीत जाणाऱ्या भागाला आडव्या सळईचा तुकडा वेल्ड केला, तर पाइप काँक्रीटमध्ये फिरत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा थोडा वर आणि उतरता ठेवावा, म्हणजे पाइपच्या बुडाशी पाणी साचत नाही. आठ-दहा दिवस पाणी मारून मगच वापर सुरू करावा. ही चौकट पुल-अप्स आणि जोरांसाठी आहे, मोठे झोके घेण्यासाठी नाही.

घर भाड्याचे असेल आणि खड्डा करता येत नसेल, तर गावातील खुल्या व्यायामशाळेतील किंवा मैदानावरील पक्क्या बारवर पट्टे टाकून व्यायाम करता येतो. जमिनीत न गाडलेल्या गोलपोस्टला मात्र कधीही लटकू नये. ती अंगावर उलटते.

खरेदी करताना काय पाहावे?

लाकडी रिंग घामातही पकड देते. प्लास्टिकची रिंग स्वस्त असते आणि उघड्यावर टिकते, पण घामाने निसरडी होते. पट्टा साधारण दीड इंच रुंद, जाड विणीचा असावा. शिवण दुहेरी हवी, बकलचे दात धातूचे हवेत. पट्ट्यावर आकडे छापलेले असतील तर दोन्ही रिंगा एका उंचीवर आणणे सोपे जाते. जाहिरातीत ‘पाचशे किलो क्षमता’ असे लिहिलेले असले, तरी तो आकडा पट्ट्याचा असतो, घराच्या छताचा नाही.

उन्हाने पट्ट्याचा धागा कमजोर होतो. म्हणून व्यायाम झाला की पट्टे उतरवून घरात ठेवावेत. रंग उडालेला, कडा उसवलेला पट्टा बदलावा.

टांगायची कशी, तपासायची कशी?

पट्टा पाइपवरून टाकावा, रिंगमधून घ्यावा आणि बकलमध्ये योग्य दिशेने ओवावा. उलटा ओवलेला पट्टा हाताने ओढल्यावर घट्ट वाटतो आणि भार पडल्यावर सुटतो. ओवून झाल्यावर किमान वीतभर टोक बाहेर राहिले पाहिजे. दोन पट्ट्यांत खांद्याएवढे अंतर ठेवावे.

मग चाचणी. सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्या पट्ट्यांना बांधून जमिनीपासून वीतभर वर पंधरा मिनिटे सोडाव्यात. त्या वेळी खाली कोणी उभे राहू नये. पाइप वाकला, चुना झडला, तडा दिसला किंवा बोल्ट हलला, तर ती जागा बाद. चाचणीत काही झाले नाही म्हणून जागा कायमची पक्की ठरत नाही. दर आठवड्याला बोल्ट, शिवण आणि बकल पाहणे हा व्यायामाचाच भाग समजावा.

खाली शहाबादी फरशी असेल तर जाड रबरी मॅट टाकावी. पुढे-मागे सहा-सहा फूट जागा मोकळी हवी. मल्लखांबाला एरंडेल लावतात, रिंगला मात्र तेलाचे बोटही लागता कामा नये. हात आणि रिंग सुती कापडाने कोरडे करावेत.

सुरुवात कोणत्या व्यायामाने?

पाय जमिनीवर ठेवून. पहिला महिना पुल-अप्सचा नादच करू नये. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड पुढील चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली : रिंगा कमरेच्या उंचीवर आणून उताणे तिरपे व्हायचे आणि छाती रिंगांकडे ओढायची, आठ-दहा वेळा. पाय जितके पुढे, तितके कठीण.

दुसरी : रिंगा त्याच उंचीवर ठेवून तिरपे जोर. जमू लागले की रिंगा हळूहळू खाली आणायच्या.

तिसरी : रिंगा कमरेशी ठेवून त्यांवर सरळ हातांनी भार द्यायचा. पाय टेकलेलेच. दहा ते वीस सेकंद.

चौथी : रिंगा डोक्यावर नेऊन नुसते लटकायचे, दहा ते तीस सेकंद.

प्रत्येकी तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. दुसऱ्या महिन्यात स्टुलावर चढून हनुवटी रिंगांच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचे. असे पाच वेळा सावकाश जमले, की पहिला पुल-अप दूर नसतो. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण स्नायूबंधांना आणि सांध्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखे दुखले, तर थांबावे. व्हिडिओतली ‘मसल-अप’ आणि उलट्या कसरती पहिल्या वर्षाचा विषय नाहीत.

मुलींनीही हाच क्रम धरावा. दोरीचा मल्लखांब महाराष्ट्रातील मुली पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. लटकण्याचा व्यायाम मुलींचा नाही, हे म्हणणे त्यांनीच खोटे ठरवले आहे.

कोणी टाळावे आणि घरातल्या मुलांचे काय?

खांदा पूर्वी निखळलेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, मणक्याचे दुखणे असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिंग धरू नये. एकट्याने व्यायाम करताना निदान घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

लहान मुलांना टांगलेली रिंग म्हणजे झोकाच वाटतो. पट्ट्याचा फास मानेत अडकण्याचा धोका मोठा आहे. त्यामुळे व्यायाम संपताच रिंगा उतरवून खुंटीला नव्हे, कपाटात ठेवाव्यात.

थोडक्यात, क्रम असा : आधी जागा, मग चाचणी आणि मग रिंगांची ऑर्डर. पट्टा बकलमधून सुटला तर पुन्हा ओवता येतो. तुळई सुटली तर घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावरचे छप्परच जाते.